आईला पहिली चक्कर कधी आली?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी कागद घेऊन बसलो, कारण तुम्ही ओघात लिहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी मला मुख्य प्रश्नापेक्षा महत्त्वाच्या वाटल्या. मला काय समजलं ते आधी सांगतो, म्हणजे माझी काही चूक होत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

आई ६७ वर्षांच्या, नागपुरात मानेवाड्याला तुमच्याजवळ राहतात. बीपी १२ वर्षांपासून, शुगर नाही. गेल्या मे महिन्यापासून चक्कर, मग थकवा, मळमळ, जेवणावरून मन उडालं. वजन ५८ किलोवरून ५२ वर आलं. चाल मंदावली आणि डिसेंबरपासून हात थरथरायला लागले. फॅमिली डॉक्टर, हाडांचे, कान-नाक-घशाचे, पोटाचे आणि मेंदूचे असे पाच डॉक्टर झाले. मानेचा स्पॉन्डिलायटिस, व्हर्टिगो, ॲसिडिटी, बी-१२ ची कमतरता आणि शेवटी 'पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, सुरुवात असू शकते', अशी पाच नावं मिळाली. औषधं अकरा झाली आणि आईंना मात्र आराम नाही. मुंबईला न्यावं का आणि पूर्ण अंगाचा पेट स्कॅन करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा का, हे तुम्हाला विचारायचंय. आणि आई म्हणतात, "वय झालं बापा आता, काहाले पैसे बरबाद करतं."

मी फिजिशियन आहे. 'मेडिकल'मध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलो, तिथेच रेसिडेन्सी केली आणि गेली २७ वर्षं नागपुरात प्रॅक्टिस करतो. इथे बसून मी आईंचं निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. त्यांची नाडी मी पाहिलेली नाही, त्यांना चालताना पाहिलेलं नाही. पण अशा वेळी मी विचार कसा करतो, कुठून सुरुवात करतो, हे मात्र सविस्तर सांगू शकतो. त्यातलं किती आईंना लागू पडतं ते त्यांना समोर बसवून तपासणारा डॉक्टर ठरवेल.

तुम्हाला वाटतंय की अजून योग्य डॉक्टर सापडला नाही, योग्य तपासणी झाली नाही. मला वेगळं वाटतं. पाचही डॉक्टर आपापल्या विषयात चांगले असतील, पण त्यातल्या एकानेही आईंची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेली दिसत नाही. आपल्याकडे धंतोली-रामदासपेठेत अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या आत शरीराच्या प्रत्येक भागाचा डॉक्टर भेटतो. ही फार मोठी सोय आहे, पण त्यातून होतं असं की पेशंट स्वतःच ठरवतो, चक्कर म्हणजे कानाचं, मळमळ म्हणजे पोटाचं, थरथर म्हणजे मेंदूचं. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं मिळतात, त्यात त्या अवयवापुरतं बोलणं होतं, दोन गोळ्या वाढतात आणि आधीच्या गोळ्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्या 'दुसऱ्या डॉक्टरांच्या' असतात.

१९७५ साली ब्रिटनमध्ये एक साधा पण फार बोलका अभ्यास झाला होता. ओपीडीत आलेल्या ८० नव्या रुग्णांचं निदान डॉक्टरांनी तीनदा लिहून ठेवलं: एकदा आधीच्या डॉक्टरांचं पत्र वाचून आणि हिस्ट्री, म्हणजे आजाराची हकीकत, ऐकून, मग अंग तपासून, मग चाचण्यांचे रिपोर्ट पाहून. ८० पैकी ६६ जणांचं शेवटचं निदान हिस्ट्रीवरच बरोबर ओळखलेलं होतं. अंग तपासल्यामुळे ७ जणांचं निदान बदललं, चाचण्यांमुळे आणखी ७ जणांचं. आज आपल्याकडे त्या काळी नव्हती अशी यंत्रं आहेत, हे खरंच. पण कोणतं यंत्र कोणासाठी लावायचं हे आजही हिस्ट्रीच सांगते, आणि माझा रोजचा अनुभव याहून वेगळा नाही.

तेव्हा पहिलं काम घरी करायचं आहे. एका कागदावर आईंची तारीखवार गोष्ट लिहा. मे महिन्यापासून नको, त्याच्या वर्षभर आधीपासून, म्हणजे आई शेवटच्या अगदी ठणठणीत होत्या तेव्हापासून. तारखा कोणालाच आठवत नाहीत, म्हणून मी पेशंटना सणावारी विचारतो. मारबतीच्या दिवशी मिरवणुकीतले बडग्याचे पुतळे पाहायला गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या होत्या का? महालक्ष्म्यांचा स्वयंपाक यंदा कोणी केला? दिवाळीला चिवडा कोणी परतला? हे विचारलं की घरातल्या चार माणसांची आठवण जागी होते. "अरे, यंदा पुरणपोळ्या तर वहिनीने लाटल्या, आईचे हात दुखत होते," असं कोणीतरी म्हणतं आणि आजार तीन महिने मागे सरकतो. लक्षणांच्या शेजारी, त्याच कागदावर, प्रत्येक औषध कधी सुरू झालं, कधी बदललं, डोस कधी वाढला तेही लिहा. मेडिकल स्टोअरची बिलं आणि जुन्या चिठ्ठ्या यासाठी सोन्यासारख्या असतात.

आता तुमच्या पोस्टमध्ये मला काय दिसलं ते. तुम्ही लिहिलंय, "पहिली चक्कर मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात आली," आणि चार ओळींनंतर, "बीपीची गोळी मध्ये बदलली होती, नक्की कधी ते आठवत नाही." तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात आधी हवी असलेली तारीख हीच आहे. गोळी लग्नाच्या आधी बदलली की नंतर?

हे विचारण्यामागचं कारण सांगतो. उमरेडकडच्या एक आजी माझ्याकडे यायच्या. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो. एका उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने कापडाच्या दुकानातल्या पिशवीतून सगळी औषधं माझ्या टेबलावर ओतली. चौदा पाकिटं होती. आम्ही एकेक उचलून तारखेच्या क्रमाने मांडत गेलो. सगळ्यात आधी बीपीची ॲम्लोडिपीन. तिने काही जणांच्या पायावर सूज येते, तशी आजींना आली होती. सुजेसाठी कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली. खरं तर ॲम्लोडिपीनची सूज त्या गोळीने फारशी उतरत नाही, गोळी बदलावी लागते. लघवीच्या गोळीने अंगातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, उतरलं, उभं राहिल्यावर बीपी पडायला लागलं, म्हणून चक्कर. चक्करेसाठी सिनारिझिन. मळमळीसाठी रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल, जिच्यात लेव्होसल्पिराइड होतं. आणि ही दोन्ही औषधं मेंदूत डोपामिनच्या, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाच्या, कामात अडथळा आणतात. वय झालेल्या माणसात ती महिनोन् महिने चालली की चेहरा निर्विकार होतो, पावलं लहान पडतात, हात कापतात, हुबेहूब पार्किन्सनसारखं. आजींना त्या कंपवातासाठी पंधरावी गोळी सुरू होण्याच्या बेतात होती.

त्या चौदांपैकी सिनारिझिनच्या चिठ्ठ्यांवर दोन वर्षं 'चालू ठेवा' असं लिहिणारा डॉक्टर मीच होतो. आजी यायच्या, बीपी पाहायचो, "चक्कर कशी आहे?" विचारायचो, "तशीच आहे" म्हणायच्या, मी चालू ठेवा लिहायचो. त्या दिवशी पाकिटं क्रमाने मांडली तेव्हा मला ती साखळी दिसली. तेव्हापासून साठीच्या पुढचा कोणताही पेशंट पिशवी घेऊन आल्याशिवाय मी त्याच्यासाठी नवीन गोळी लिहीत नाही.

तुमच्या अकरा औषधांच्या यादीत तीन नावांपाशी मी थांबलो. बीपीच्या नव्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे, हीसुद्धा लघवीवाटे मीठ काढणारी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी जूनमध्ये दिलेल्या गोळीत सिनारिझिन आहे. ऑगस्टमधल्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड आहे. आणि तुम्ही टाकलेल्या ऑगस्टच्या रिपोर्टच्या फोटोत सोडियम १३१ आहे. ते १३५ ते १४५ असायला हवं. त्या आकड्यापुढे 'कमी' दाखवणारा बाण छापलेला आहे, पण त्यानंतर सोडियम पुन्हा केल्याचं कुठे दिसत नाही. उतरलेल्या सोडियमने मळमळ होते, थकवा येतो, चालताना तोल जातो.

नागपूरचा मे महिना यात जमेस धरा. ४५ अंशांत, लग्नाच्या मांडवात, अंगातलं पाणी-मीठ घामावाटे जात असताना वरून मीठ काढणारी गोळी, शिवाय बीपी म्हणून जेवणात मीठ कमी केलेलं. उन्हाळ्यात अनेकांचं बीपी आपोआपच उतरतं आणि हिवाळ्यात बसवलेला डोस नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, जास्त होतो. दर उन्हाळ्यात मला काही पेशंटचा डोस कमी करावा लागतो. हे तपासायला पैसे लागत नाहीत. घरी बीपीचं मशीन असेल तर आईंना पाच मिनिटं पडून राहू द्या, बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. शेजारी उभे राहा, त्या पडू नयेत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, तर ती चक्कर मानेची नाही आणि कानाचीही बहुधा नाही. तीन-चार दिवस सकाळी हे करून आकडे त्याच कागदावर लिहा. पाच डॉक्टरांपैकी कोणी आईंचं उभ्याने बीपी घेतलं का, हेही आठवून पाहा.

इथे एक कळकळीची विनंती आहे. हे वाचून आज रात्री कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. काही औषधं अचानक सोडली तर जीवावर बेततं. स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, बीपी-हृदयाच्या काही गोळ्या यात येतात. उतरलेलं सोडियमही घरी मीठ-पाणी पाजून वाढवायचं नसतं. ते फार भराभर वाढलं तर मेंदूला इजा होते, म्हणून वेळ पडली तर भरती करून, मोजून-मापून वाढवतात. मी दाखवतोय तो एक संशय आहे. तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "या तीनपैकी कोणती बंद करता येईल? कशी? त्याऐवजी काय?"

बरं, समजा संशय खरा निघाला. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लेव्होसल्पिराइड-सिनारिझिन थांबवल्यावर थरथर आठवड्यात जात नाही. काही आठवडे, बरेचदा काही महिने लागतात. आणि काही जणांची ती जातच नाही, कारण आत खरा पार्किन्सन दबा धरून बसलेला असतो आणि औषधाने तो फक्त लवकर उघडा पाडलेला असतो. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांचं म्हणणं मी खोडून काढत नाहीये. त्यांना मदत होईल अशा गोष्टी मात्र तुम्ही नोंदवू शकता. थरथर एका बाजूने सुरू झाली की दोन्ही हातांत बरोबर? खरा पार्किन्सन बहुधा एका बाजूने येतो. हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना कापतो की कप उचलताना? चालताना दोन्ही हात हलतात का? आईंना हिंगाच्या फोडणीचा वास येतो का? झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं काही वर्षांपासून आहे का? वास जाणं आणि झोपेतली ही झटापट खऱ्या पार्किन्सनच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असू शकते. दाराकडून खिडकीपर्यंत आणि परत, असा त्यांच्या चालण्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ मोबाईलवर घ्या. डॉक्टरांच्या खोलीत पेशंट जरा ताठ होऊन चालतो, घरच्या व्हिडिओत खरी चाल दिसते. एवढं करूनही शंका राहिली तर ट्रोडॅट नावाचा एक स्कॅन आहे, तो औषधाने आलेला कंप आणि खरा पार्किन्सन यांत फरक दाखवतो. पण तो शेवटी, आणि मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितला तरच.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते. सगळी लक्षणं एकाच धाग्यात ओवायचा मोह डॉक्टरांनाही होतो, घरच्यांनाही होतो. तरुण माणसात बहुतेक वेळा ते जमतंही. साठीनंतर नाही जमत. एका माणसात दोन-तीन गोष्टी एकदम चालू असू शकतात. चक्कर-मळमळ-थरथर गोळ्यांच्या साखळीने समजावता येईल, पण ५८ किलोंतले सहा किलो गेले, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. सहा-बारा महिन्यांत पाच टक्क्यांवर वजन आपोआप उतरलं तर आम्ही ते गंभीरपणे घेतो. आणि तुमच्या फोटोंतले हिमोग्लोबिनचे आकडे मी ओळीने लावले: मेमध्ये १२.४, ऑगस्टमध्ये ११.६, जानेवारीत १०.८. प्रत्येक वेळी कोणीतरी "थोडं कमी आहे" म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील. सुटा आकडा पाहिला तर थोडाच कमी आहे. तीन आकडे शेजारी ठेवले तर तो उतरणीला लागलाय हे दिसतं. मासिक पाळी गेलेल्या बाईच्या अंगातलं लोह कमी होत असेल, तर ते कुठून जातंय हे शोधावंच लागतं, आणि त्यासाठी जठर आणि मोठं आतडं दोन्ही दुर्बिणीने पाहावी लागू शकतात. दुखण्यासाठी त्या नेहमी गोळी घेतात का, शौचाचा रंग काळा आहे का, शौचाची सवय बदलली का, हे विचारा. काही वाईटच निघेल असं मी म्हणत नाही. थायरॉइड, टीबी, मनाची उदासी यांनीही वजन उतरतं. पण 'औषधांमुळे होतं सगळं' असं मानून ही बाजू सोडून देऊ नका.

म्हणून पेट स्कॅनबद्दल माझं उत्तर 'आत्ता नको' असं आहे. पेशींचं काम जास्त जोरात चाललेली जागा त्यात चमकते, आणि तो ठरावीक प्रश्नाला उत्तर देणारा स्कॅन आहे. काय शोधतोय हेच ठरलं नसताना काढला की दोन वाटांनी फसवतो. निरुपद्रवी काहीतरी चमकतं आणि त्यामागे महिने जातात, किंवा काहीच चमकत नाही आणि घरचे निर्धास्त होतात. सोडियम, उभ्याने पडणारं बीपी, लेव्होसल्पिराइडचा कंप यातलं काहीही पेट स्कॅनमध्ये दिसत नाही. सत्तर-ऐंशी टेस्टच्या 'फुल बॉडी' पॅकेजचंही तेच. रिपोर्टमधली नॉर्मलची हद्द निरोगी माणसांपैकी ९५ टक्के बसतील अशी आखलेली असते. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट ठणठणीत माणसाच्या केल्या तरी किमान एकीत बाण येण्याची शक्यता ६४ टक्के. आईंच्या एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांची झीज लिहून आली, ती ६७ वर्षांच्या बहुतेक माणसांत येईल. झीज आहे यात वाद नाही. तिच्यामुळेच चक्कर येते, हे मात्र त्या फिल्मवरून सिद्ध होत नाही.

मी स्वतः आईंना पेशंट म्हणून पाहत असतो तर पहिल्या फेरीत सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीबीसी आणि स्मिअर, ईएसआर, लोहाची तपासणी, टीएसएच, शुगर, कॅल्शियम, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी एवढंच केलं असतं. यातलं बरंचसं तुमचं झालेलं आहे, पुन्हा करायची गरज नाही. जे जुनं झालंय आणि जे बदलतंय तेवढंच नव्याने.

रिपोर्टबद्दल बोललो, पण हाताने तपासणं त्याहून आधी. आईंना कोणी टेबलावर झोपवून पोट दाबून पाहिलं का? मानेत, काखेत गाठी चाचपल्या का? जीभ, नखं, पायाची सूज पाहिली? २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. बारीक किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने बरा होतो, वेळेवर ओळखला नाही तर माणूस दगावतो. बऱ्याच जणांच्या अंगावर चाव्याच्या जागी काळी खपली असते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. आमच्याकडे एक बाई आठ दिवसांचा ताप घेऊन आल्या. तीन ठिकाणी रक्त तपासून झालं होतं. सिस्टरने परकराच्या नाडीची गाठ सैल केली आणि कमरेवर, बरोबर गाठीखाली, ती खपली होती. त्यांना ती दुखत नव्हती, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. साडीवरून पोटाला हात लावून 'तपासलं' म्हणणं मला तेव्हापासून पटत नाही. लेडी डॉक्टर किंवा सिस्टर सोबत असेल तर आई नीट तपासू देतील, तसं आधीच सांगून ठेवा.

आणि औषधांच्या पिशवीत 'औषध नसलेली' औषधंही घाला. गुडघ्यांसाठी कोणीतरी आणून दिलेल्या पुड्या, काढे, भस्मं, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकार आपल्याकडे नवीन नाहीत. काही महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद झालं तर थकवा, मळमळ, वजन उतरणं, बीपी पडणं, सोडियम कमी होणं असं सगळं एकदम येऊ शकतं. आईंची लक्षणं पाहता हा प्रश्न मी नक्की विचारला असता. रागावून विचारू नका. रागावलं की पुड्या धान्याच्या डब्यात जातात.

आता जायचं कुणाकडे? एकच एमडी मेडिसिन फिजिशियन धरा, जो पिशवी ओतून बघेल आणि इतर डॉक्टरांशी फोनवर बोलायला तयार असेल. तो प्रसिद्ध असण्यापेक्षा त्याच्याकडे पहिल्या भेटीला अर्धा तास असणं महत्त्वाचं. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांगा, जुना गुंतागुंतीचा पेशंट आहे, वेळ जास्त लागेल, शेवटचा नंबर द्या. खर्चाची ओढाताण असेल तर 'मेडिकल', मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा मिहानमधलं एम्स आहेच, तिथे सगळे विभाग एका आवारात मिळतात. मेडिकलमध्ये गेलात तर एक लक्षात ठेवा. मेडिसिनच्या प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पुढच्या वेळी सोयीच्या दिवशी जाऊ नका, कार्डावर लिहिलेल्या त्याच युनिटच्या वारी जा. नाहीतर तिथेही दर वेळी नवा डॉक्टर आणि नव्याने सुरुवात. मुंबईची गरज आज मला दिसत नाही. एखादं निदान ठरलं आणि त्याचा उपचार इथे होत नसेल तर जरूर जा. नाव नसलेला आजार घेऊन मुंबईला गेलात तर सहावा डॉक्टर आणि बारावी गोळी, एवढंच पदरात पडण्याची भीती आहे.

त्या फिजिशियनला तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. तुमच्या निदानात यातलं काय बसत नाही? दुसरं काय असू शकतं, जे आपण चुकवायला नको? आणि किती दिवसांत किती फरक दिसला नाही तर आपण पुन्हा विचार करायचा? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट लिहून घ्या. कधी कधी डॉक्टर म्हणेल, "अजून सांगता येत नाही, दोन आठवडे गोळ्या कमी करून पाहू." ते टाळणं समजू नका. आजाराला उघड व्हायला वेळ देणं हाही तपासणीचाच भाग आहे, मात्र पुन्हा भेटायची तारीख ठरलेली हवी.

थांबायचं कधी नाही तेही सांगतो. आई गोंधळल्यासारखं बोलू लागल्या, फार झोपाळल्या, फिट आली, शौच डांबरासारखी काळी झाली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, तर कागद-बिगद सोडा आणि थेट इमर्जन्सीत न्या. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर घड्याळ पाहा. हा लकवा असू शकतो, आणि मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे सीटी स्कॅन असलेल्याच हॉस्पिटलला जा.

शेवटी आईंबद्दल. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये त्यांचं एकच वाक्य आहे, पैशांचं. बाकी सगळं तुम्ही सांगितलंय, तुमच्या ताईंनी पुण्याहून फोनवर सांगितलंय. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आईंना टेबलाजवळच्या खुर्चीत बसवा, तुम्ही मागे बसा आणि पहिली पाच मिनिटं काही बोलू नका. त्या म्हणतील, "काही नाही हो डॉक्टरसाहेब, उठलं का मले गरगर करते." त्या 'उठलं का'मध्येच निम्मी माहिती आहे. तुम्ही आधी बोललात तर 'आईला व्हर्टिगो आहे' एवढंच डॉक्टरांच्या कानावर पडतं. नंतर थोडा वेळ तुम्ही बाहेर जा, त्यांना एकटं बोलू द्या.

गेल्या वर्षी एक काकू अशाच आल्या होत्या. नऊ किलो वजन उतरलेलं, सगळे रिपोर्ट झालेले, मुलगा काळजीने अर्धा झालेला. तो बाहेर गेल्यावर मी विचारलं, "काकू, भूक लागत नाही की खाता येत नाही?" त्यांनी दाराकडे पाहिलं, तोंडातली कवळी काढून पदरात धरली आणि खालची हिरडी दाखवली. दोन जखमा होत्या. कवळी मुलाने हौसेने, बरेच पैसे घालून बसवून दिली होती. टोचते म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून त्या सात महिने वरणात कुस्करलेल्या पोळीवर राहिल्या होत्या. त्याच दुपारी दाताच्या डॉक्टरांनी कवळी घासून दिली. आम्ही इतर तपासण्याही केल्याच, त्यात काही निघालं नाही, आणि महिन्याभरात वजनाचा काटा वर चढायला लागला.

बीपीची गोळी बदलल्याची तारीख आणि उभ्याने घेतलेले आकडे मिळाले की इथेच खाली लिहा. मी वाचेन.